आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, स्मरणिका काढायचे ठरले, आणि एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून देण्याचे काम कार्यवाह बाईंनी माझ्याकडे सोपवले. अशा लेखात आपण बहुधा जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी लिहितो. ते योग्यच आहे. जिजाऊंचे सिंदखेड राजा तर आपल्याच जिल्ह्यात. परंतु या खेपेला मी ज्यांची निवड केली त्या बाई याच बुलढाणे गावच्या. त्यांनी राज्य केले नाही, घाट बांधले नाहीत. एकच पुस्तक लिहिले आणि त्यावर स्वतःचे नाव छापले. त्यांचे नाव ताराबाई शिंदे.

पुस्तकावर नाव छापण्याचे मोल काय, हे मला स्वतःला ठेच लागल्यावर कळले. ती हकीकत आधी थोडक्यात सांगते, म्हणजे ताराबाईंकडे मी कोणत्या वाटेने गेले ते ध्यानात येईल.

आपल्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. जुनी गाणी तर आपण सगळ्याच म्हणतो. त्यांचा कर्ता कोणी नाही आणि मालकही कोणी नाही. पण मला हौस म्हणून मी सात गाणी स्वतः रचली होती आणि एका वहीत उतरवून ठेवली होती. एकदा गाणी गोळा करणारे एक गृहस्थ आले. चार दिवसांत परत देतो म्हणून वही घेऊन गेले. वही आली नाही. पुढे दोन वर्षांनी जत्रेत भुलाबाईच्या गाण्यांचे एक लहानसे पुस्तक विकायला दिसले. त्यात माझी तीन गाणी होती आणि माझे नाव कुठेच नव्हते. मुखपृष्ठावर दुसऱ्याचेच नाव होते.

राग आला, पण मी तो गिळला. मात्र त्या कोजागिरीला आमच्या गल्लीतल्या एका चिमुरडीने माझेच गाणे म्हणताना मला मध्येच अडवले. आजी, तुमचा शब्द चुकला, पुस्तकात असा नाही, असे ती म्हणाली. पुस्तकात तो शब्द छापणाऱ्याने बदलला होता. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वकिलांकडे गेले. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. वहीची दुसरी प्रत आहे काय? तिच्यावर नाव आणि तारीख होती काय? वही कशासाठी दिली, याची एखादी चिठ्ठी आहे काय? तिन्हींना माझे उत्तर नाही असेच होते. गाण्यांवरचा हक्क माझाच आहे, पण तो सिद्ध करायला माझ्या हाती काही नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. मग निघताना त्यांनी सहज विचारले, की याच गावच्या एका बाईने दीडशे वर्षांपूर्वी पुस्तक छापताना काय काय केले ते तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून मी ताराबाईंविषयी जे मिळेल ते वाचू लागले. असो. आता चरित्राकडे वळू.

ताराबाईंचा जन्म सुमारे १८५० साली बुलढाण्यात, एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे. ते येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. वृत्तीने सुधारक, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. १८७१ साली त्यांनी स्वतःही एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. सुशिक्षित देशबांधवांना चार शब्द सुनवावेत असा त्याचा हेतू त्याच्या नावावरूनच दिसतो. म्हणजे छापखाना, मुद्रिते, जाहिरात या गोष्टी शिंद्यांच्या घराला परक्या नव्हत्या. आजही ज्या घरात एक पुस्तक छापून झालेले असते त्या घरातल्या दुसऱ्या माणसाची भीड चेपते.

ताराबाई भावंडांत एकुलती मुलगी. मुलींची शाळा त्या वेळी इथे नव्हती, म्हणून बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न मात्र लहानपणीच झाले. त्यातही एक वेगळेपण होते. नवरा घरजावई म्हणून शिंद्यांच्याच घरी राहिला. त्यामुळे सासुरवासाचा जाच चुकला आणि माहेरची पुस्तके हाताशी राहिली. त्यांना मूलबाळ झाले नाही. घराणे मराठ्यांचे, तेव्हा पडदा आणि उंबरा हे होतेच. आपण घरात कोंडलेली, जगाचा अनुभव नसलेली बाई आहोत, असे त्यांनी पुस्तकाच्या आरंभी विनयाने नमूद केले आहे. पुढची पाने वाचली की त्या विनयाखाली केवढा निखारा होता ते दिसते.

त्या वेळचे बुलढाणे डोळ्यांपुढे आणावे. वऱ्हाड प्रांत नावाला निजामाचा, पण १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेलेला. त्यामुळे इंग्रजांचे कायदे इथे आपोआप चालत नसत. वेगळा हुकूम काढून ते लागू करावे लागत. डोंगरमाथ्यावरचे हे गाव हवापाण्यास उत्तम, पण आडबाजूचे. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरपर्यंत पोचली आणि मलकापूर त्या मार्गावर आले. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरला जावे आणि तिथे गाडी गाठावी, ही बाहेरच्या जगाची वाट. याच वाटेने टपाल आणि पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे येत.

या वर्तमानपत्रांतूनच १८८१ साली सुरतेचा खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारले, असा तिच्यावर आरोप होता. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सांगितली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि नंतर तीही कमी करण्यात आली. त्या मुलाचा बाप कोण, त्याला कोणती शिक्षा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उलट, ‘पुणे वैभव’ या पत्राने या निमित्ताने विधवांवर आणि एकूणच स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. तो मजकूर वाचून बुलढाण्यात बसलेल्या या तिशीच्या बाईने लेखणी उचलली.

त्यातून निर्माण झाली ‘स्त्रीपुरुष तुलना’. हा निबंध पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद साधा आहे. स्त्रिया म्हणजे साहस, कपट, चंचलता आणि अविचार यांच्या खाणी, असे पुरुष म्हणतात. तर हे एकेक दुर्गुण घेऊ आणि तराजूत टाकून पाहू, की ते स्त्रियांत अधिक की पुरुषांत. स्त्री निर्दोष आहे असे ताराबाई म्हणत नाहीत. एकाच मापाने दोघांना मोजा एवढेच त्यांचे मागणे आहे. बायको मेली तर पुरुष लागलीच दुसरी करतो. नवरा मेला तर बाईचे केस, कुंकू, दागिने आणि माणसांत बसण्याचा मान सारे जाते. हे कोणत्या न्यायाचे? पतिव्रतेचे नियम लिहिणाऱ्यांनी पत्नीव्रताचे नियम का लिहिले नाहीत? पुराणांतल्या देवांच्या आणि राजांच्या वागणुकीलाही त्या भिऊन बाजूला सारत नाहीत. ती उदाहरणेही तराजूत टाकतात. भाषा घरातली आहे, म्हणींनी आणि उपरोधाने भरलेली. स्वयंपाकघरात दोन बाया बोलाव्यात तशी ती मोकळी वाहते.

आता ज्यासाठी मी हे चरित्र निवडले त्या भागाकडे येते. मनात राग असणे वेगळे, तो कागदावर उतरणे वेगळे, आणि छापून बाजारात आणणे त्याहून वेगळे. छापण्याच्या पायरीवर कायदा उभा असतो. ताराबाईंच्या वाटेत तो कोणकोणत्या ठिकाणी उभा होता ते पाहू.

पहिला कायदा १८६७ चा, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. त्यान्वये प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव, छापल्याचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि प्रसिद्धीचे ठिकाण छापणे बंधनकारक होते. ठरावीक मुदतीत प्रती सरकारात जमा कराव्या लागत. सरकार दर तिमाहीला पुस्तकांची यादी गॅझेटात प्रसिद्ध करी. तीत नाव, भाषा, लेखक, पाने, प्रतींची संख्या, किंमत आणि ग्रंथस्वामित्व कोणाचे हेही नोंदले जाई. १८५७ च्या उठावानंतर कोण काय छापतो यावर सरकारला नजर ठेवायची होती. त्या पहाऱ्याचा फायदा पुढे अभ्यासकांना झाला. या कायद्याने मुद्रकाचे नाव सक्तीचे केले होते. लेखिकेने आपले नाव पानावर घालावे अशी सक्ती मात्र त्यात नव्हती. ताराबाईंना निनावी राहता आले असते. एक विधवाहितेच्छु किंवा एक भगिनी अशी सही करता आली असती. विषय असा, काळ असा, आणि वडील सरकारी नोकरीतले. तरीही त्यांनी आपले नाव घातले.

तेव्हा छापण्यात धोका किती होता ते त्याच वर्षी पुण्याने पाहिले. कोल्हापूरच्या दिवाणाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत जो मजकूर आला त्यावरून अब्रूनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या जामिनाची व्यवस्था जोतीराव फुल्यांच्या खटपटीने झाली होती, हेही या निमित्ताने लक्षात ठेवण्याजोगे आहे. देशी भाषांतल्या पत्रांचा गळा आवळणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत १८८२ मध्येच रद्द झाला होता. पण दंडसंहितेतले अब्रूनुकसानीचे कलम होते तसेच होते.

मग ताराबाई या कलमातून कशा पार झाल्या? वकिलांनी मला हे उलगडून सांगितले ते असे. टिळक-आगरकरांच्या प्रकरणात एका ठरावीक माणसावर ठरावीक आरोप होता आणि त्याचा आधार म्हणून जी पत्रे दाखवली ती बनावट निघाली. ताराबाईंनी कोणा एका गृहस्थाचे नाव घेऊन त्याच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या नाहीत. त्यांनी एकूण पुरुषजातीच्या वागणुकीची चिकित्सा केली. सगळ्या पुरुषांवर टीका केली म्हणून कोणा एकाची अब्रू गेली असे होत नाही. शिवाय ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी लोकप्रिय असलेल्या कादंबऱ्यांवर, त्यांत रंगवलेल्या बायकांच्या खोट्या चित्रांवर त्यांनी कोरडे ओढले. तेही कायद्याला मान्य होते. ज्याने पुस्तक छापले त्याने ते लोकांच्या निवाड्यापुढे ठेवले; त्याच्या गुणदोषांविषयी सद्भावनेने मत देणे हा गुन्हा नव्हे, असा अपवाद १८६० च्या दंडसंहितेत लिहिलेला आहे. ताराबाईंनी ते कलम वाचले होते की नाही हा भाग निराळा. कचेरीतल्या हेडक्लार्कच्या लेकीला शब्द तोलून टाकण्याचे शिक्षण घरातच मिळाले असेल, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न पैशाचा. पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. सगळ्या विकल्या गेल्या असत्या तर २८१ रुपये ४ आणे जमले असते. हे पैसे कोणाचे? आपण म्हणू, लिहिणारीचे. पण त्या वेळचा कायदा इतका सरळ नव्हता. कात्यायनाच्या जुन्या वचनाप्रमाणे बाईने हातच्या कसबाने जे मिळवले त्यावर नवऱ्याची सत्ता मानली जाई. पुस्तकाची कमाई कसबात धरली, की ताराबाईंच्या नऊ आण्यांवर पहिला हात घरधन्याचा.

हे केवळ आपल्याकडेच होते असे कोणी समजू नये. इंग्लंडात कॅरोलाइन नॉर्टन नावाची नामांकित लेखिका होती. नवऱ्याने तिला छळले, ती वेगळी राहिली, लिहून पोट भरू लागली. आणि तिच्या पुस्तकांच्या मिळकतीवर नवऱ्याने कायद्याने हक्क सांगितला. तिने त्यावर पत्रके लिहिली, पार्लमेंटपर्यंत गाऱ्हाणे नेले. तिच्यासारख्यांच्या झगड्यातून १८७० साली तिकडे विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानणारा कायदा झाला आणि १८८२ साली तो आणखी व्यापक झाला. आपल्याकडे १८७४ साली तसाच कायदा आला. विवाहित स्त्रीने वाङ्मयीन कौशल्याने मिळवलेले धन तिचे स्वतंत्र धन होय, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मात्र त्याच कायद्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रिया वगळल्या होत्या. मग उरले कोण, याचा हिशोब वाचकांनीच करावा. पानात वाढले आणि ताट काढून घेतले, तशातला हा प्रकार. हिंदू बाईला स्वतःच्या कौशल्याने मिळवलेल्या धनाचीही पूर्ण मालकी नि:संशय देणारे कलम १९५६ च्या वारसा कायद्यात आले. ताराबाईंच्या पुस्तकानंतर ७४ वर्षांनी!

योगायोग असा, की १८८२ सालीच पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध झाले. रमाबाई तेव्हा विधवा होत्या; त्यांच्या कमाईवर दुसऱ्या कोणाची सत्ता नव्हती. त्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी १८८३ साली इंग्लंडच्या प्रवासखर्चाची सोय केली. एका पुस्तकाने एका बाईला समुद्रापार नेले. दुसऱ्या पुस्तकाच्या नशिबी काय आले ते आता सांगते.

‘स्त्रीपुरुष तुलना’वर सरकारने बंदी घातली नाही. पण लोकांनी ते पुस्तक उचलून धरले नाही, उलट त्याची हेटाळणी केली. आपली म्हणवणारी सुधारकांची मंडळीही बिचकली. सत्यशोधकांतल्याच काहींना ताराबाईंची जीभ फार तिखट वाटली. तेव्हा १८८५ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिक पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. पोटच्या लेकीविषयी बोलावे तशा ममतेने त्यांनी ताराबाईंचा उल्लेख केला आणि टीका करणाऱ्या सहकाऱ्यांना खडसावले. इतका मोठा माणूस पाठीशी उभा राहिला, हे ताराबाईंचे भाग्य. पण त्यांनी पुन्हा दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पाचशे प्रती कुठे कुठे विखुरल्या. ज्या गावी हे पुस्तक लिहिले गेले त्या गावच्या माझ्यासारख्या बाईलाही ते उतारवयात कळावे, यावरून विस्मृती किती दाट होती ते समजावे.

इथे ग्रंथस्वामित्वाचा हिशोब मी मुद्दाम मांडते, कारण तो फार बोलका आहे. ताराबाईंच्या वेळी आपल्याकडे १८४७ चा कायदा होता. लेखकाच्या हयातीत आणि पुढे सात वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून ४२ वर्षे, यांत जे अधिक असेल तितका काळ हक्क राही. म्हणजे १८८२ पासून ४२ वर्षे, १९२४ पर्यंत. मधल्या काळात १९१४ चा कायदा आला आणि हक्क मृत्यूनंतर ५० वर्षांचा झाला. म्हणजे ढोबळ मानाने १९६०. इतकी वर्षे कायद्याने हे पुस्तक ताराबाईंचे आणि त्यांच्या वारसांचे म्हणून राखले. पण त्या सगळ्या वर्षांत ते पुन्हा छापावे असे कोणाला वाटले नाही. चोरी होऊ नये म्हणून कायदा दाराशी बसला होता, आणि घरात कोणी डोकावतच नव्हते. हक्काची मुदत संपून पंधरा वर्षे झाल्यावर, १९७५ साली, संशोधक स. गं. मालशे यांनी हे पुस्तक शोधून पुन्हा छापले. तेव्हा महाराष्ट्र जागा झाला. १९९४ साली रोझालिंड ओहॅनलन या विदुषीने त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत पोचल्या. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले स्त्री अभ्यास केंद्र आज त्यांच्याच नावाने चालते.

मालशे यांच्या हाती प्रत आली तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव होते. ते नसते तर काय झाले असते याचा विचार करावा. एवढे धारदार गद्य एका घरकोंडीतल्या मराठा बाईने लिहिले असेल, हे कोणी मानले असते का? कोणी म्हणाले असते, बापूजींनी लिहिले. कोणी म्हणाले असते, फुल्यांनी. त्या दोन शब्दांनी हा वाद उठण्यापूर्वीच मिटवला.

आजचा कायदा याच बाबतीत बाईला भक्कम आधार देतो, आणि तो आपण जाणून घेतला पाहिजे. हल्ली १९५७ चा कायदा चालतो. लिहिताक्षणी हक्क आपला होतो; नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. छापील प्रतीवर लेखक म्हणून ज्याचे नाव आहे तोच लेखक, असे न्यायालय उलट पुरावा येईपर्यंत धरून चालते. माझ्या गाण्यांच्या बाबतीत नेमके हेच माझ्यावर उलटले. निनावी किंवा टोपणनावाने लिहिले आणि खरे नाव कधी उघड केले नाही, तर ती ६० वर्षे मृत्यूपासून मोजली जात नाहीत, प्रसिद्धीपासून मोजली जातात. म्हणून एक भगिनी अशी सही करणाऱ्या आमच्या लाजाळू सभासदांनी थोडा विचार करावा.

आपले लेखन कोणाला द्यायचे झाले तर तोंडी शब्दावर देऊ नये. हक्क सोपवायचा तर लेखी, सहीनिशी. कोणते लेखन, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे सगळे लिहून. वर्षे लिहिली नाहीत तर कायदा ती पाच धरतो. आणि एक मोठी गोष्ट: हक्क विकून टाकला तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा, आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड करू न देण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तो पैशाने जात नाही.

१८६७ चा तो जुना कायदा २०२४ च्या मार्चमध्ये गेला. त्याच्या जागी आलेला नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यात नाहीत. पण प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर नेमलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवावी, असा १९५४ चा कायदा आहे. पुस्तक छापणाऱ्या भगिनीने ते काम प्रकाशकाकडून करवून घ्यावे. पाचशे प्रती वाळवीने खाल्ल्या तरी एक प्रत कुठेतरी फळीवर उभी राहते, आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी येऊन तिच्यावरची धूळ झटकते.

अब्रूनुकसानीचे कलम आता नव्या न्याय संहितेत गेले आहे, पण त्याचा गाभा तोच आहे. शेजारणीचे नाव घेऊन लिहाल तर जबाबदारी आपली. समाजाच्या रीतीवर लिहाल तर ताराबाईंनी वाट घालून दिलेली आहे.

भगिनींनो, या चरित्रातून मी जे उचलले ते एवढेच. आपण लिहितो ते क्षुल्लक आहे असे समजून आपणच ते वाऱ्यावर सोडतो. पाककृती, गाणे, लेकीला लिहिलेले पत्र, आजेसासूच्या आठवणी, हे काही साहित्य नव्हे, असे आपणच म्हणतो. मग दुसऱ्याने उचलले म्हणजे रडतो. मी तरी तसेच केले. ताराबाईंनी घरात बसून लिहिले, पण घरात दडवले नाही, आणि दुसऱ्याच्या नावाआडही दडवले नाही. त्यांना पैसा मिळाला नाही, मान मिळाला नाही, हयातीत वाचकही थोडेच मिळाले. नाव मात्र त्यांनी सोडले नाही, आणि त्या नावानेच शेवटी त्यांना परत आणले.

या स्मरणिकेत प्रत्येक लेखाखाली लेखिकेचे पूर्ण नाव छापावे, प्रत्येकीकडून छापण्याच्या संमतीची दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी आणि मूळ हस्तलिखित मंडळाच्या कपाटात ठेवावे, अशी सूचना मी सभेत मांडली. ती मंजूर झाली याचे मला समाधान आहे.

माझी सातही गाणी मी आठवून आठवून पुन्हा उतरवली. एक कडवे काही केल्या आठवेना. ते तसेच रिकामे ठेवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर नाव घातले, गाव घातले, तारीख घातली. एक प्रत कपाटात गेली. दुसरी त्या चिमुरडीला दिली आणि तो शब्द मुळात कसा होता ते तिला वाचून दाखवले. तिने दोन्ही शब्द म्हणून पाहिले, आणि आजी, तुमचाच चांगला वाटतो, असा निकाल दिला. माझा दावा तेवढ्यापुरता निकालात निघाला.